उष्णता टाकायची कुठे?

मार्चचा दुसरा आठवडा म्हणजे आमच्या धंद्यात श्वास घ्यायलाही फुरसत नसते. नाशिक जिल्ह्यातला द्राक्षाचा माल ऐन भरात असतो, शीतगृहं भरलेली असतात, आणि ज्याचं मशीन बंद पडायचं त्याचं नेमकं तेव्हाच बंद पडतं. असाच पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागायतदाराचा फोन आला. वडीलधारे गृहस्थ. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, म्हणून मीही म्हणतो. मळ्यातच पॅकहाऊस आणि त्याला लागून दहा टनांची प्री-कूलिंगची, म्हणजे तोडलेला माल आधी गार करून घ्यायची खोली.

"साहेब, मशीन रात्रंदिवस चालूय, पण रूम काही गार होईना. माल तोडून पडलाय. गॅस कमी झाला असंल, भरून द्या."

"गॅस कमी झालाय" हे आमच्याकडचं सर्दी-पडसं. फ्रिजपासून शीतगृहापर्यंत काहीही बिघडलं की माणसं पहिल्यांदा गॅसवर ठपका ठेवतात. खरं तर हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. गळती नसेल तर तोच गॅस वर्षानुवर्षं आतल्या आत फिरत राहतो.

गेलो, गेज लावलं. गॅस पुरेसा होता, पण हेड प्रेशरचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसच्या दाबाचा, काटा नको तिथे चढून बसलेला. खोलीच्या मागे गेलो तेव्हा उलगडा झाला. मागच्या वर्षी रात्रीतून केबल चोरीला गेली होती. म्हणून अण्णांनी कंडेन्सरला, म्हणजे मशीनच्या बाहेरच्या पंखेवाल्या भागाला, तीन बाजूंनी पत्रे ठोकले होते आणि वरही पत्राच टाकला होता. आत पाय ठेवला तर चेहऱ्यावर झळ आली. पंखा गरम हवा बाहेर फेकत होता, ती पत्र्यावर आपटून फिरून त्याच पंख्यात येत होती.

"अण्णा, मशीन ठणठणीत आहे. पण त्याला उष्णता टाकायला तुम्ही जागाच ठेवली नाही."

अण्णा म्हणाले, "मशीन गार करायला घेतलंय ना? मग उष्णता टाकायचं मधेच काय काढलं?"

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्यातच सगळी उष्मागतिकी, म्हणजे थर्मोडायनॅमिक्स, सामावलेली आहे. डिप्लोमाला असताना याच विषयात मला केटी लागली होती, म्हणजे नापास होऊन पेपर पुन्हा द्यावा लागला होता, हे आधीच कबूल करतो. पुस्तकातल्या पिस्टन-सिलिंडरच्या आकृत्यांनी जे डोक्यात शिरलं नाही, ते पुढे असल्या पत्र्याच्या शेडमध्ये घाम पुसताना शिरलं. त्या दुपारी अण्णांना जे सांगितलं तेच इथे जरा सावकाशीने सांगतो.

विहीर उपसताना आपण तिच्यात कोरडेपणा ओतत नाही, पाणी बाहेर काढतो. शीतगृहाचंही तसंच आहे. मशीन गारवा तयार करून आत सोडत नाही. द्राक्षांतली उष्णता उपसून ते बाहेर टाकतं, आणि उष्णता गेल्यावर मागे जे उरतं त्याला आपण गारवा म्हणतो. उपसलेलं पाणी पाटातून पुढे गेलं नाही आणि परत विहिरीतच पाझरलं, तर मोटर जन्मभर चालवली तरी विहीर कोरडी पडेल का? पत्र्याच्या शेडमध्ये हेच चाललं होतं.

आता हिशोब करू. शेतातून आलेला दहा टन माल ३० अंशांवर आहे आणि तो ४ अंशांपर्यंत आणायचाय. एक किलो द्राक्षं एका अंशाने गार करायची तर साधारण ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे दहा हजार किलो गुणिले ३.६ गुणिले २६ अंश. उत्तर येतं ९,३६,००० किलोज्यूल. विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर २६० युनिट. एवढी उष्णता उपसायला बऱ्यापैकी मशीन तिच्या एक तृतीयांश, म्हणजे ८७ युनिटच्या आसपास वीज खातं. मग कंडेन्सरमधून बाहेर किती उष्णता पडते? अण्णा म्हणाले २६०. चूक. २६० अधिक ८७, म्हणजे ३४७. मशीनने खाल्लेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर येते, तिला दुसरीकडे जायला वाटच नाही.

हाच उष्मागतिकीचा पहिला नियम. ऊर्जा नव्याने जन्मत नाही आणि नाहीशीही होत नाही, फक्त रूप बदलते. शाळेत ऊर्जा अक्षय्यतेचा नियम म्हणून आपण तो पाठ केलेला असतो. कारखान्यात त्याचा अर्थ एवढाच की जमाखर्च जुळलाच पाहिजे, आणि नसेल जुळत तर मोजण्यात चूक आहे किंवा कुठेतरी गळती आहे. माझं निम्मं काम या एका वाक्यावर चालतं.

आज हे सरळ वाटतं, पण उष्णता म्हणजे काय हेच माणसाला फार काळ कळलं नव्हतं. ती न दिसणारी, वजन नसलेली एखादी द्रववस्तू असावी असं भले भले विद्वान धरून चालले होते. या समजुतीला मोठा धक्का बसला तो तोफांच्या कारखान्यात. देवळालीच्या तोफखान्याच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या नाशिककरांना हा किस्सा माहीत असायला हवा. जर्मनीत म्युनिकला काउंट रम्फर्ड तोफांच्या नळ्या कोरून घेण्याचं काम पाहत होता. कोरताना धातू भयंकर तापतो हे त्याने पाहिलं. मग मुद्दाम बोथट हत्यार लावून, घोडे जुंपून, त्याने पाण्यात बुडवलेली नळी घासत ठेवली. अडीच तासांत पाणी उकळलं, आणि विस्तव कुठेच नव्हता. घासत राहू तोवर उष्णता निघतच राहते, तर मग ती साठवलेली वस्तू कशी असेल, हा त्याचा १७९८ मधला सवाल.

त्यावर आकड्यांचा शिक्का मारला जेम्स जूलने, १८४० च्या दशकात. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा हा माणूस घरच्या बिअरच्या धंद्यातला. वजन खाली सोडायचं, त्याच्या दोरीने पाण्यातली वल्ही फिरवायची आणि पाणी किती तापलं ते मोजायचं, असा त्याचा प्रयोग. तापमानात पडणारा फरक अंशाच्या बारीकशा भागाएवढा, पण मद्य गाळणाऱ्याच्या घरात थर्मामीटरची नजर तयार झालेली असते. कशी, ते आपल्याकडच्या वाइनरीत कळेल. द्राक्षाच्या रसातली साखर आंबून अल्कोहोल होताना उष्णता सुटते. लिटरला २०० ग्रॅम साखर असलेला रस बंद टाकीत तसाच आंबू दिला आणि उष्णता काढून घेतलीच नाही, तर तो वीस-पंचवीस अंशांनी तापेल. यीस्ट मरेल, वासही जाईल. म्हणून त्या चकचकीत स्टीलच्या टाक्यांना गार पाण्याचं किंवा ग्लायकॉलचं जॅकेट असतं. तिथेही प्रश्न हाच, उष्णता टाकायची कुठे.

पहिल्या नियमाचा आणखी एक दाखला कसारा घाटात रोज घडतो. इगतपुरी कसाऱ्याहून साधारण ३०० मीटर उंच. मालासकट २५ टनांचा ट्रक घाट उतरतो तेव्हा त्याची उंचीची जी ऊर्जा असते, ती वीस युनिटच्या आसपास भरते. ड्रायव्हरने सगळा घाट नुसत्या ब्रेकवर उतरवला तर ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन उतरणार. दोनशे लिटरचं पिंप भरून पाणी खळखळा उकळेल एवढी ती असते. मग लायनर जळाल्याचा वास येतो आणि ब्रेक लागेनासा होतो. "ज्या गिअरमध्ये चढवली त्याच गिअरमध्ये उतरव" असं जुने ड्रायव्हर सांगतात, ते याचसाठी. उष्णतेचा काही भार इंजिन उचलतं आणि रेडिएटर तो हवेत टाकतो. शेजारच्या रुळांवर ३७ ला १ असा चढ आहे, गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. आताची विजेची इंजिनं मात्र उतरताना हीच ऊर्जा वीज करून वरच्या तारेत परत पाठवू शकतात. जमाखर्च तोच, खातं तेवढं वेगळं.

मधे एक नियम राहिला. त्याला शून्यावा म्हणतात, कारण बाकीच्यांना नंबर देऊन झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की या सगळ्यांच्या आधीचं काहीतरी सांगायचंच राहून गेलंय. दोन वस्तू तिसऱ्या एका वस्तूइतक्याच तापमानाच्या असतील तर त्या एकमेकींच्याही तापमानाच्या असतात. एवढंच. यावर थर्मामीटर चालतो. द्राक्षाच्या मण्यात सुई खुपसून आपण पल्प टेंपरेचर घेतो तेव्हा सुई फक्त स्वतःचं तापमान दाखवत असते. सुईचं आणि मण्याचं एक व्हायला चार क्षण थांबावं लागतं. घाई करून वाचलेला आकडा सुईचा असतो, मण्याचा नसतो.

आता दुसऱ्या नियमाकडे येऊ. हा अवघड समजला जातो, आणि माझ्या मते सगळी मजा याच्यातच आहे.

पहिल्या नियमाला दिशा कळत नाही. कपातला चहा खोलीतली उष्णता ओढून आपोआप उकळायला लागला, तरी जमाखर्च जुळतो. खोली तेवढी गार होईल. पण असं कधी होत नाही. उष्णता आपणहून फक्त गरमाकडून गाराकडे जाते. पाणी जसं उताराकडे.

पाण्याची ही उपमा माझी नाही. सादी कार्नो नावाच्या फ्रेंच लष्करी इंजिनिअरने ती १८२४ मध्ये वापरली. वाफेची इंजिनं तेव्हा कोळसा मण मण खात आणि काम तोळाभर देत. कार्नो म्हणाला, पाणचक्की चालते ती पाणी वरून खाली पडतं म्हणून. तसं इंजिन चालतं ते उष्णता वरच्या तापमानावरून खालच्या तापमानावर पडते म्हणून. सोमेश्वरचा दुधसागर पाहा. गोदावरीचं पाणी पडतंय, तिथे चाक लावलं तर फिरेल. पण वर आणि खाली पाण्याची पातळी सारखीच असेल, तर नदीत पाणी कितीही असो, चाक जागचं हलणार नाही. म्हणजे उष्णता भरपूर असणं पुरेसं नाही, तिला पडायला खालची जागा हवी. कार्नो वयाच्या ३६ व्या वर्षी, १८३२ मध्ये, पटकीने गेला. जिवंतपणी त्याच्या म्हणण्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही.

त्याच्या उपमेत एक खोट होती. धबधब्यात जेवढं पाणी वरून पडतं तेवढंच खाली पोहोचतं. उष्णतेचं तसं होत नाही, कारण तिच्यातला काही भाग काम बनून वाटेतच निघून जातो. जूलच्या पहिल्या नियमाशी कार्नोच्या धबधब्याचा मेळ घातला तो जर्मनीच्या क्लाउझिउसने, १८५० मध्ये. पुढे १८६५ मध्ये त्याने एक नवी राशी मांडली आणि तिला नाव दिलं एन्ट्रॉपी. हा शब्द ऐकला की विद्यार्थी खिडकीबाहेर बघायला लागतात. पण भागाकार येत असेल तर ती कळते. उष्णतेला तापमानाने भागायचं. तापमान मात्र निरपेक्ष शून्यापासून मोजायचं, म्हणजे अंशांत २७३ मिळवायचे. हे माप केल्विनने १८४८ मध्ये सुचवलं.

चला एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राला. नाशिकरोडकडून जाताना उंच चिमण्या आणि त्यांच्या शेजारी कमरेत बारीक, खाली-वर रुंद असे सिमेंटचे अवाढव्य मनोरे दिसतात. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत. टर्बाइनमध्ये वाफ शिरते ती साधारण ५४० अंशांची, म्हणजे ८१३ केल्विन. काम करून ती बाहेर पडते आणि ४२ अंशांच्या, म्हणजे ३१५ केल्विनच्या आसपास थंड होऊन तिचं पाणी होतं. समजा, वरून १००० भाग उष्णता आली. १००० भागिले ८१३ म्हणजे १.२३. एवढी एन्ट्रॉपी ती सोबत घेऊन आली. दुसरा नियम सांगतो की हे ओझं वाटेत कमी होऊ शकत नाही, झालं तर वाढेल. आणि काम, म्हणजे फिरणारा दांडा किंवा तारेतली वीज, हे ओझं उचलत नाही. ते उष्णतेसोबतच बाहेर टाकावं लागतं. ३१५ केल्विनला १.२३ चं ओझं उतरवायचं तर १.२३ गुणिले ३१५, म्हणजे सुमारे ३८७ भाग उष्णता फेकावीच लागते. उरले ६१३. जगातला सर्वांत हुशार इंजिनिअर बसवला, घर्षण शून्य केलं, तेलाचा थेंब सांडू दिला नाही, तरी हजारातले ६१३ भागच मिळतील, ६१४ वा नाही.

प्रत्यक्षात मिळतात ते साडेतीनशेच्या आसपास. यात फक्त ढिलाई नाही. सगळी उष्णता ५४० अंशांवर आत येत नाही. बॉयलरमधलं पाणी त्या दाबाला ३४० अंशांच्या सुमारास उकळतं, त्यामुळे सरासरी तापमान बरंच खाली येतं. शिवाय चिमणीतून जाणारी उष्णता, टर्बाइनमधलं घर्षण, गिरणी-पंखे-पंपांना लागणारी वीज. "सरकारी कारभार, दोन तृतीयांश कोळसा वाया घालवतात" अशी टीका मी चहाच्या टपरीवर ऐकलीय. कारभारावर टीका करायला माझी हरकत नाही, पण त्यातला मोठा वाटा कार्नोच्या नावावर टाकावा लागेल. तुमच्या मोटरसायकलचं इंजिन तर पेट्रोलच्या पाव भागाचंच काम करतं.

आणि तो मनोऱ्यातून निघणारा पांढरा ढग? त्याला पाहून लोक प्रदूषणाला शिव्या घालतात. ती पाण्याची वाफ आहे, थंड हवेत तिचे थेंब झालेले. धूर शेजारच्या चिमणीतून जातो. मनोऱ्याचं काम उष्णता टाकण्याचं. ढोबळ हिशोब असा: २१० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालतो तेव्हा साधारण ३०० मेगावॅट उष्णता मनोऱ्याकडे येते. आतल्या पाण्यातला थोडा भाग उडून जाताना ती बहुतेक सगळी घेऊन जातो. किलोभर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता सोबत नेतं. हिशोब केला तर सेकंदाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी आकाशात जातं. तासाला दहा हजार लिटरचे ३६ ते ४५ टँकर. धरणाचं पाणी शेतीला की शहराला की विजेला, हा आपल्या जिल्ह्यातला जुना वाद. त्यात एक न बोलणारा पक्षकार बसलेला असतो, दुसरा नियम.

फेकावीच लागणारी ही उष्णता कुणाच्या कामी आली तर? इथे मला आपले साखर कारखाने वीज केंद्रांपेक्षा शहाणे वाटतात. उसाचा चोथा जाळून वाफ करायची, ती आधी टर्बाइनमधून न्यायची, वीज काढायची. टर्बाइनमधून दमून बाहेर आलेली सव्वाशे अंशांची वाफ वीज करायला फारशी उपयोगाची नसते, पण रस आटवायला छान. त्यातही कंजूषपणा बघा. पहिल्या भांड्यातल्या रसातून निघालेली वाफ दुसऱ्या भांड्याला चूल म्हणून, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. प्रत्येक भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी, म्हणून रस आणखी कमी तापमानाला उकळतो, शेवटच्यात साठ अंशांच्याही खाली. एक किलो वाफेत चार किलोच्या आसपास पाणी उडतं. घरात नाही का, भाताचा कुकर उतरला की त्याच शेगडीच्या धगीवर दूध कोमट करत ठेवतात, तसं.

आता धबधबा उलटा करू, म्हणजे पुन्हा अण्णांच्या विहिरीवर येऊ. उष्णता आपणहून गाराकडून गरमाकडे जाणार नाही, पण मोटर लावून तिला वर चढवता येतं. त्यासाठीची युक्ती उकळण्यात आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच, म्हणून आपल्याकडे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांनाच उकळतं. कुकरची शिट्टी दाब वाढवते, तेव्हा तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि डाळ लवकर शिजते. दाब बदलला की उकळण्याचं तापमान बदलतं, एवढं लक्षात ठेवा. मोठ्या शीतगृहांत अमोनिया असतो, हवेच्या साध्या दाबाला तो उणे ३३ अंशांवर उकळतो. लहान खोल्यांत फ्रिऑन जातीचे वायू. खोलीतल्या कॉइलमध्ये दाब कमी ठेवला की हा द्रव शून्याखालीच उकळतो, आणि उकळायला लागणारी उष्णता द्राक्षांकडून घेतो. कॉम्प्रेसर ती वाफ दाबून तिचा दाब आणि तापमान चढवतो. आता ती बाहेरच्या हवेपेक्षा गरम झाली, म्हणून कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून तिचा पुन्हा द्रव होतो. विहिरीतून पोहरा वर आला, पाटात ओतला, रिकामा खाली गेला.

खोल विहिरीला मोटर मोठी लागते हे अण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. इथे खोली म्हणजे तापमानातला फरक. आतली कॉइल उणे ५ अंशांवर, बाहेरचा कंडेन्सर ४० वर: फरक ४५ अंश. कार्नोच्या हिशोबाने वीज एक भाग घातली तर उष्णता जास्तीत जास्त सहा भाग उपसता येते. पत्र्याच्या शेडमुळे कंडेन्सर ६० वर गेला की फरक ६५ होतो आणि सहाचे चार होतात. खरी मशीनं याच्या निम्म्याच्या आसपास घुटमळतात, पण उतरण तीच. तीच विहीर अण्णांनी पत्रे ठोकून जवळजवळ दीडपट खोल करून ठेवली होती. बिल वाढलं, उपसा घटला, आणि बिचाऱ्या गॅसवर आळ आला.

एन्ट्रॉपी म्हणजे पसारा असंही सांगतात. अगदी चूक नाही, पण नेमकं बोलायचं तर ती मांडणीच्या शक्यतांची मोजदाद आहे. चिवडा करताना पोहे, शेंगदाणे, डाळं, खोबरं एकेका थराने घातलं आणि दोनदा हलवलं, की मिसळतं. हजारदा हलवलं तरी पुन्हा थर लागत नाहीत. थर लागायला नियमाची बंदी नाही. थर लागलेल्या मांडण्या मूठभर असतात आणि मिसळलेल्या अगणित, म्हणून हात आंधळेपणाने हलवला की मिसळलेलीच सापडते. गरम-गार मिसळून कोमट होतं ते याच कारणाने. शेंगदाणे परत निवडून काढता येतात, पण मग कुणाला तरी बसून निवडावे लागतात, आणि निवडणाऱ्याला भाकरी लागते.

कांद्याचं मात्र थोडं वेगळं. लासलगावकडे जाताना रस्त्याच्या कडेला कांदाचाळी दिसतात, जमिनीपासून उचललेल्या, फटीफटीच्या भिंतींच्या. कांदा काढला तरी जिवंत असतो, श्वास घेतो. आतली साखर हळूहळू जाळतो, उष्णता आणि ओलावा सोडतो. बंद गोदामात ढीग मारला तर मधला कांदा आपल्याच उष्णतेने आणि ओलाव्याने सडतो. चाळीत खालून हवा शिरते, कांद्यातून तापून हलकी होते आणि वर निघून जाते. पंखा नाही, वीज नाही. उष्णतेला टाकायची जागा करून दिली की ती स्वतःच वाट काढते. ज्याने पहिल्यांदा चाळीचा तळ जमिनीवरून उचलला, त्याला केटी लागली नसती.

अण्णांचा पुढचा प्रश्न मला आवडला. "पत्रे काढतो हो, पण एप्रिलात बाहेरच चाळीस असतं. तेव्हा टाकायची कुठे?"

उत्तर त्यांच्याच पडवीत होतं, माठात. माठातून पाणी पाझरतं, पृष्ठभागावर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. नाशिकच्या कोरड्या एप्रिलमध्ये हवा ४० अंशांवर असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर बावीसच्या आसपास उतरू शकतो. पाण्याच्या युक्तीला जाता येईल ती ही शेवटची पायरी. जुलैत इगतपुरीला हाच माठ ढिम्म राहील, कारण हवेत आणखी वाफ घ्यायला जागा नसते. कंडेन्सरवर पाणी फवारलं की तो चाळीसच्या हवेत टाकण्याऐवजी त्या खालच्या पायरीकडे उष्णता टाकतो. एकलहऱ्याचा मनोरा म्हणजे असाच एक अवाढव्य माठ. थंडीत निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की पहाटे बागेला विहिरीचं पाणी सोडतात, शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. तिथे पाणी उलटं काम करतं, जमिनीखालची ऊब वर आणून वेलीला देतं.

राहिला तिसरा नियम. तो अण्णांनीच काढला, नकळत. "शून्यावर एवढं टिकतं, तर अजून खाली नेलं तर वर्षभर टिकंल का?" द्राक्षांचं उत्तर सोपं आहे, उणे दोनच्या आसपास मणी गोठतो आणि बाहेर काढला की पाणी पाणी होतो. पण निसर्गाचंही एक उत्तर आहे. उणे २७३.१५ अंशांना निरपेक्ष शून्य म्हणतात, त्याखाली तापमान नाही. जर्मनीच्या नेर्न्स्टने १९०६ मध्ये जे मांडलं आणि ज्याच्यातून पुढे तिसरा नियम उभा राहिला, त्याचा अर्थ असा की त्या शून्यापर्यंत ठरावीक पायऱ्यांत पोहोचता येत नाही. जवळ जाता येतं, आणखी जवळ जाता येतं, पण तळ लागत नाही. विहीर जितकी खोल, तितका प्रत्येक पोहरा महाग.

त्याच संध्याकाळी तीन बाजूंचे पत्रे निघाले, त्यांच्या जागी चोराला अडवणारी आणि हवेला न अडवणारी लोखंडी जाळी बसली. वरचा पत्रा पंख्यापासून पाच फूट उचलला. रात्री नऊला हेड प्रेशर उतरलं, पहाटे पल्प टेंपरेचर चारवर होतं. गॅस एक ग्रॅमही भरला नाही, म्हणून बिल किती लावायचं हा माझ्यापुढे पेच.

पंधरा दिवसांनी पाण्याच्या फवाऱ्याचं माप घ्यायला गेलो. कंडेन्सरची गरम हवा जिथे बाहेर पडत होती तिथे काकूंनी दोन खाटा टाकून कुरडया वाळत घातल्या होत्या. उन्हात दोन दिवस लागतात, इथे एका रात्रीत झाल्या म्हणाल्या. मी खाटा फक्त चार हात मागे सरकवायला सांगितल्या, पंख्याला अडचण नको म्हणून.